हिर्टा बेटावरील लष्करी आठवणींची पार्श्वभूमी

स्कॉटलंडच्या पश्चिमेला आउटर हेब्रिडीज ही द्वीपमाला आहे, आणि तिच्याही पलीकडे सुमारे ६५ किलोमीटर अंतरावर, भर अटलांटिक महासागरात, सेंट किल्डा हा लहानसा द्वीपसमूह आहे. हिर्टा हे त्यातले सर्वांत मोठे बेट. १९५७ सालापासून पुढची सुमारे चाळीस वर्षे ब्रिटिश सैन्याच्या लहान तुकड्या या बेटावर पाळीपाळीने राहिल्या. त्यांतल्या अनेकांना नोकरीतले इतर तळ फारसे आठवत नाहीत, पण हिर्टा मात्र आठवते. या आठवणींचा साचा बराच सारखा असतो. रविवारी किंवा कामातून सुट्टी मिळालेल्या दिवशी छावणीतून बाहेर पडायचे, छप्पर उडालेल्या घरांच्या रांगेपुढून चालत जायचे, डोंगराच्या खिंडीतून पलीकडच्या दरीत उतरायचे, कड्याच्या टोकाशी पोटावर झोपून खाली हजारो पक्षी पाहायचे, आणि वाटेत गवतात रुतलेला विमानाचा पत्रा दिसला की त्याच्याभोवती घुटमळायचे. निर्जन बेटावर केलेली मनसोक्त भटकंती, असेच या आठवणींचे स्वरूप असते.

त्या आठवणी खऱ्या आहेत आणि मला त्या मनापासून आवडतात. मात्र त्या नीट समजून घ्यायच्या असतील तर ज्या वाटांवरून हे तरुण सैनिक फिरले त्या कोणी पाडल्या, ती घरे कोणी सोडली आणि का सोडली, हे आधी माहीत असावे लागते. हिर्टाच्या इतिहासात गणवेशातील माणसे १९५७ साली पहिल्यांदा आली नव्हती. त्यापूर्वीही ती आली होती, आणि बेट निर्जन होण्यात त्यांच्या येण्याचा आणि जाण्याचा वाटा होता. माझ्या मते हा धागा सोडून सेंट किल्डाची गोष्ट सांगता येत नाही.

आधी जागा डोळ्यांपुढे आणू. हिर्टाचे क्षेत्रफळ साडेसहा चौरस किलोमीटरच्या आसपास आहे. एका प्राचीन ज्वालामुखीचे झिजलेले अवशेष म्हणजे ही बेटे. आग्नेयेला तोंड केलेला एकच बऱ्यापैकी उपसागर आहे. त्याला व्हिलेज बे, म्हणजे गावाचा उपसागर म्हणतात. त्याच्याभोवती डोंगरांचा अर्धगोल आहे, आणि डोंगर चढून माथ्यावर गेले की पलीकडची बाजू एकदम तुटलेली असते. कोनाहर हे सर्वोच्च शिखर ४३० मीटर उंच आहे आणि त्याची उत्तरेकडची बाजू जवळजवळ माथ्यापासून थेट समुद्रात कोसळते. ब्रिटनमधील हा सर्वांत उंच सागरी कडा मानला जातो. वायव्येला ग्लेन मोर ही रुंद, उघडी दरी आहे. हिर्टाच्या शेजारी डून आणि सोए, आणि काही किलोमीटरवर बोरेरे; बोरेरेच्या दोन्ही अंगांना स्टॅक ॲन आर्मिन आणि स्टॅक ली हे पाण्यातून सुळक्यासारखे वर आलेले खडक, गॅनेट पक्ष्यांनी पांढरे झालेले. झाड एकही नाही. वाऱ्याला अडवणारे काहीही नाही. उपसागराचे तोंड आग्नेयेला उघडे असल्यामुळे त्या दिशेचा वारा सुटला की बोटीला किनाऱ्याला लागता येत नाही, आणि हिवाळ्यात असे दिवस मोजण्यापेक्षा न मोजलेलेच बरे.

या बेटावर माणसे निदान दोन हजार वर्षे राहत होती. ती गेलिक भाषा बोलत. बेटांची मालकी मॅक्लाउड घराण्याकडे होती. त्या घराण्याचा कारभारी वर्षातून एकदा येई आणि खंड घेऊन जाई. खंड पैशात नसे. पक्ष्यांची पिसे, फुल्मार पक्ष्याचे तेल, जव, लोकर आणि पुढे हातमागाचे ट्वीड कापड अशा रूपात तो भरावा लागे. १६९७ साली मार्टिन मार्टिन हा लेखक बेटावर गेला तेव्हा तेथे सुमारे १८० माणसे होती, आणि त्याच्या वर्णनावरून ती बऱ्यापैकी खाऊनपिऊन सुखी होती असे दिसते.

गणवेशातील माणसांची पहिली नोंद १७४६ची आहे. ब्रिटनच्या गादीवर हक्क सांगणारा आणि कलोडनच्या लढाईत पराभूत झालेला राजपुत्र चार्ल्स एडवर्ड स्टुअर्ट सेंट किल्डाला पळाला असावा अशी अफवा उठली आणि सरकारी फौज त्याला शोधत बेटावर उतरली. गाव मोकळे होते. चाचे आले या भीतीने सगळे लोक वरच्या गुहांत जाऊन लपले होते. त्यांना समजावून खाली आणल्यावर सैनिकांच्या लक्षात आले की या लोकांना राजपुत्राविषयी काही ठाऊक नाही आणि राजा जॉर्जचे नावही त्यांनी ऐकलेले नाही. ही हकिकत पुष्कळदा गंमत म्हणून सांगितली जाते. मला ती तशी वाटत नाही. ज्या लोकांची दरवर्षीची पिसे आणि तेल नेमाने मोजून नेले जात होते, त्यांच्यापर्यंत देशाचा राजा कोण हे सांगायला मात्र कोणी पोचले नव्हते.

पुढच्या काळातील सैनिकांना बेटावर सर्वांत अधिक नवल वाटे ते क्लेटचे, म्हणून त्याविषयी थोडे सविस्तर सांगितले पाहिजे. क्लेट म्हणजे बिनचुन्याच्या दगडांची बुटकी कोठी. आकार लांबट अंड्यासारखा, भिंती वर जाताना आत कलणाऱ्या, माथ्यावर मोठ्या शिळा आणि त्यांवर गवतासकट कापलेल्या मातीचे थर. दार माणसाला वाकून, कधी रांगत आत जावे लागेल एवढेच. दगडांच्या फटी मुद्दाम बुजवलेल्या नसत. वारा भिंतीतून आरपार जाई, पाऊस मात्र वरच्या मातीत मुरून बाहेरच्या बाजूने उतरे, आणि आत ठेवलेली वस्तू वाळत राही. मिठाची चणचण असलेल्या आणि बारा महिने ओलसर हवेच्या या बेटावर पक्ष्यांचे मांस, अंडी, पिसे, दोर, जळणासाठी कापलेली माती आणि धान्य टिकवण्याची ही युक्ती होती. एकट्या हिर्टावर असे सुमारे १,२६० क्लेट आहेत, आणि बाकीच्या बेटांवर व खडकांवर आणखी दीडशेहून अधिक. गावाच्या शेतांत ते आहेतच. पण जिथे जायला चांगल्या चालणाऱ्याचीही छाती भरून येईल अशा उतारांवरही आहेत, कारण पक्षी जिथे धरला तिथेच तो वाळत घालणे सोयीचे होते. छावणीतून फिरायला निघालेल्या सैनिकाला वळीव पावसाने गाठले की तो जवळच्या क्लेटमध्ये शिरे, आणि आत बहुधा एखादी मेंढी आधीच बसलेली असे.

पक्षी हाच या लोकांचा आधार होता. उपसागरात मासे होते, पण समुद्र बेभरवशाचा असल्यामुळे मासेमारीवर कोणी विसंबत नसे. गॅनेट, पफिन आणि मुख्यतः फुल्मार हे खाद्य. फुल्मारच्या पोटातले तेल दिव्याला आणि औषधाला, पिसे खंडासाठी आणि विक्रीसाठी. पुरुष अनवाणी पायांनी कड्यावर उतरत. दोर घोड्याच्या केसांचे किंवा कातड्याचे वळलेले असत. असा एक चांगला दोर म्हणजे घरातली मोठी मालमत्ता, आणि तो बापाकडून मुलाकडे जाई. बेटाच्या दक्षिण टोकाकडे कड्यावर बाहेर झुकलेला एक दगड आहे. लग्न करू पाहणाऱ्या तरुणाने त्याच्या कडेवर एका पायाच्या टाचेवर उभे राहून, पुढे वाकून तोल सांभाळून दाखवावा, अशी रीत असल्याचे सांगतात. कुटुंब पोसायला कड्यावर उतरावे लागणार होते, त्यामुळे ही परीक्षा निरर्थक नव्हती. पुढे कित्येक सैनिकांनी त्या दगडावर उभे राहून छायाचित्रे काढून घेतली.

रोज सकाळी, रविवार सोडून, गावातले पुरुष घरांपुढच्या वाटेवर जमत आणि आजचे काम काय याची चर्चा करत. बाहेरच्या पाहुण्यांनी या बैठकीला सेंट किल्डाची संसद असे नाव दिले; आपण तिला पंचायत म्हणू. तिला अध्यक्ष नव्हता, नियम लिहिलेले नव्हते. धरलेले पक्षी सर्वांचे, आणि वाटणी घराघरातील माणसे मोजून होई. म्हातारे, विधवा आणि आजारी यांचा वाटा वेगळा मागावा लागत नसे.

हे सगळे सुखाचे होते असे मात्र कोणी समजू नये. १७२७ साली बेटावर देवीची साथ आली आणि बहुतेक वस्ती मेली. त्या वेळी तीन पुरुष आणि आठ मुलगे गॅनेट धरण्यासाठी स्टॅक ॲन आर्मिनवर उतरले होते. त्यांना परत आणायला गावात धडधाकट माणसेच उरली नाहीत, म्हणून ते अकरा जण हिवाळाभर त्या उघड्या खडकावर अडकून पडले आणि पुढच्या वर्षी मे महिन्यात सुटले. त्यांच्यामुळे आणि बाहेरून आणलेल्या कुटुंबांमुळे गाव पुन्हा उभे राहिले. एकोणिसाव्या शतकात नवजात बालकांच्या धनुर्वाताने गाव पोखरले. जन्मानंतर आठवड्याभरात मुले दगावत. काही वर्षांत निम्म्याहून अधिक. शतकाच्या अखेरीस तिथल्या अँगस फिडिस या धर्मोपदेशकाने जंतुनाशकाचा वापर सुरू करून घेतल्यावर हे थांबले. तोवर बराच उशीर झाला होता. १८५२ साली ३६ जण ऑस्ट्रेलियाला निघून गेले. गावाचा जवळपास एक-तृतीयांश भाग. त्यांतले पुष्कळ वाटेतच मेले. (मेलबर्नला राहणाऱ्या मराठी वाचकांना तिथला सेंट किल्डा हा किनारा चांगला परिचित असेल. तो या स्थलांतरितांमुळे नव्हे, तर त्याआधी तिथे नांगरलेल्या ‘लेडी ऑफ सेंट किल्डा’ या जहाजामुळे त्या नावाने ओळखला जाऊ लागला. जहाजाचे नाव मात्र याच बेटांवरून पडलेले होते.)

आज जी घरांची कमान दिसते ती याच शतकातली. १८३०च्या दशकात नील मॅकेन्झी या धर्मोपदेशकाच्या पुढाकाराने जुने विस्कळीत गाव मोडून उपसागराला समांतर अशी चंद्रकोरीसारखी नवी वस्ती आखली गेली, आणि डोंगराच्या पायथ्याने शेतांना कवेत घेणारी भिंत बांधली गेली. १८६०च्या वादळाने त्या घरांची छपरे उडाली. त्यानंतर १८६१-६२ मध्ये जस्ताच्या पत्र्याच्या छपरांची सोळा नवी घरे बांधण्यात आली, खिडक्या उपसागराकडे केलेली. जुनी जाड भिंतींची घरे गुरांच्या गोठ्यांसाठी ठेवली गेली, म्हणून त्या रस्त्यावर एक नवे घर, मग एक जुने, अशी रांग दिसते. पत्रा दिसायला आधुनिक होता, पण तो वाऱ्यात उडे आणि थंडीत आत पाणी धरे. गवताने शाकारलेली जुनी घरे या हवेला अधिक योग्य होती, हे अनेक जाणकारांनी नंतर लिहिले आहे.

मग आगबोटी आल्या. १८७०च्या दशकापासून उन्हाळ्यात प्रवासी येऊ लागले, अंडी, हातमोजे आणि ट्वीड विकत घेऊ लागले, लोकांची छायाचित्रे काढू लागले. पैसा आला, त्याबरोबर बाहेरच्या जगाशी तुलना आली. हिवाळ्यात मात्र बेट पूर्वीसारखेच तुटलेले राही. पत्र पाठवायचे तर लाकडाच्या ठोकळ्यात पोकळी करून त्यात चिठ्ठी ठेवायची, त्याला मेंढीच्या मूत्राशयाचा फुगा बांधायचा आणि वायव्येचा वारा असताना समुद्रात सोडायचे. आश्चर्य म्हणजे अशी बरीच पत्रे स्कॉटलंडच्या किंवा नॉर्वेच्या किनाऱ्याला लागून पुढे पोचलीही.

पहिल्या महायुद्धात ब्रिटिश नौदलाने हिर्टावर टेहळणीचे आणि बिनतारी संदेशांचे ठाणे बसवले. १९५७च्या तुकडीची ही खरी पूर्वज तुकडी. १५ मे १९१८ रोजी एक जर्मन पाणबुडी उपसागरात वर आली, तिने लोकांना बाजूला होण्याचा इशारा दिला आणि मग ७२ गोळे डागले. बिनतारी ठाणे पडले, चर्च आणि कोठारासह काही इमारतींचे नुकसान झाले. माणूस एकही मेला नाही. एक कोकरू मेले. त्यानंतर किनाऱ्याच्या बाजूला एक तोफ बसवण्यात आली. तिच्यातून शत्रूवर कधीही गोळा सुटला नाही. ती तोफ आजही तिथेच उभी आहे आणि पुढच्या प्रत्येक लष्करी तुकडीच्या छायाचित्रांत ती हमखास असते.

गोळ्यांनी जे झाले नाही ते ठाण्याने झाले. युद्धाच्या काळात हिर्टाला नियमित बोटी, टपाल, पुरवठा, डॉक्टर आणि रोजगार हे सारे एकदम मिळाले. तरुणांनी गणवेशातील आपल्याच वयाच्या मुलांकडून बाहेरच्या जगाच्या गोष्टी ऐकल्या. युद्ध संपल्यावर नौदल निघून गेले आणि बेट पुन्हा एकटे पडले. पण आता त्या एकटेपणाला तुलनेचे माप मिळाले होते. तरुण जाऊ लागले. १९२० साली ७३ असलेली लोकसंख्या १९२८ साली ३७ वर आली. बोट ओढायला, कड्यावर दोर धरायला, मेंढरे वळवायला किमान जितके हात लागतात तितकेही उरले नाहीत. जानेवारी १९३० मध्ये एक तरुण आई आजारी पडली. तिला वेळेवर मुख्य भूमीवर नेता आले नाही आणि पुढे ती वारली. १० मे १९३० रोजी ग्रामस्थांनी सरकारला अर्ज केला: आम्हाला येथून हलवा.

२९ ऑगस्ट १९३० रोजी नौदलाच्या ‘हेअरबेल’ या जहाजातून शेवटचे ३६ जण निघाले. गुरेमेंढरे आधीच पाठवली होती. कुत्र्यांना नेता येणार नव्हते. त्यांच्या गळ्यात दगड बांधून त्यांना उपसागरात बुडवण्यात आले. प्रत्येक घरात बायबल आणि ओटची लहानशी रास ठेवून दारे लावण्यात आली, आणि एका घरात बायबल ‘निर्गम’ या, म्हणजे देश सोडून जाण्याच्या, पुस्तकाच्या पानावर उघडे ठेवले होते, असे सांगितले जाते. कित्येकांना मुख्य भूमीवर वनखात्यात कामे देण्यात आली. आयुष्यात कधी झाड न पाहिलेल्या माणसांना झाडांच्या कामावर लावण्यात आले, ही गोष्ट मी जितक्या वेळा वाचतो तितक्या वेळा मला तिचा त्रास होतो.

त्यानंतरची सत्तावीस वर्षे बेटावर कायमची वस्ती नव्हती. १९३१ साली लॉर्ड डम्फ्रीज, पुढचे मार्क्विस ऑफ ब्यूट, यांनी बेटे विकत घेतली आणि पक्ष्यांसाठी राखली. काही जुने रहिवासी त्या दशकात उन्हाळ्यापुरते परत येऊन आपल्या घरात राहत. १९३२ साली शेजारच्या सोए बेटावरून १०७ मेंढ्या हिर्टावर आणून सोडण्यात आल्या. या सोए मेंढ्या लहानखुऱ्या, तपकिरी आणि चपळ असतात. त्यांची लोकर कातरावी लागत नाही, ती आपोआप गळते. माणसांच्या पश्चात गावाची शेते त्यांनी ताब्यात घेतली. त्यांची संख्या काही वर्षे वाढत जाते आणि मग एखाद्या कडक हिवाळ्याच्या अखेरीस चारा संपून एकदम कोसळते. अशा वर्षी मार्चमध्ये क्लेटमध्ये आणि घरांच्या भिंतींच्या आडोशाला ठिकठिकाणी मेलेल्या मेंढ्या सापडतात. १९८५ पासून प्राणिशास्त्रज्ञ या कळपाचा अखंड अभ्यास करत आहेत.

दुसऱ्या महायुद्धात बेटावर ठाणे नव्हते, पण विमाने येऊन आदळली. जून १९४३ मध्ये ब्यूफायटर विमान कोनाहरच्या उतारावर कोसळले. जून १९४४ मध्ये सुंदरलंड जातीचे मोठे सागरी विमान ग्लेन मोरच्या माथ्याजवळ पडले. सोए बेटावर वेलिंग्टन विमानाचे अवशेष आहेत. तिन्ही विमानांतील कोणीही वाचले नाही. पुढच्या काळात छावणीतल्या मुलांना जे पत्रे आणि इंजिने गवतात सापडली ती ही होत. त्यांच्याच वयाच्या माणसांची ती शेवटची जागा आहे, हे बहुतेकांना तिथे गेल्यावर कळे.

१९५५ साली ब्रिटिश सरकारने साउथ युइस्ट बेटावर क्षेपणास्त्रांच्या चाचणीसाठी तळ उभारण्याचे जाहीर केले. तिथल्या गेलिक भाषक वस्तीत त्याला विरोध झाला; जॉन मॉरिसन हे कॅथलिक धर्मगुरू त्या विरोधाचे पुढारी होते आणि लोक त्यांना ‘फादर रॉकेट’ म्हणू लागले. तळ झालाच. तेथून अमेरिकी बनावटीची कॉर्पोरल क्षेपणास्त्रे अटलांटिकच्या दिशेने डागली जाणार होती आणि त्यांच्या मार्गावर नजर ठेवायला समुद्रात पुढे एक उंच जागा हवी होती. नकाशात तशी जागा एकच होती. योगायोगाने १९५६ साली मार्क्विस ऑफ ब्यूट वारले आणि त्यांनी सेंट किल्डा मृत्युपत्राने नॅशनल ट्रस्ट फॉर स्कॉटलंड या वारसा जपणाऱ्या संस्थेला दिले. ट्रस्टने ही देणगी १९५७ साली स्वीकारली, बेटे निसर्गसंवर्धन खात्याकडे राखीव क्षेत्र म्हणून भाड्याने दिली, आणि त्यांतला लहानसा भाग संरक्षण मंत्रालयाला पोटभाड्याने गेला. एकाच वर्षी बेट राखीव निसर्गक्षेत्र झाले आणि लष्करी ठाणेही झाले.

१९५७च्या उन्हाळ्यात ‘ऑपरेशन हार्डरॉक’ या नावाने हवाई दलाचे बांधकाम पथक उपसागरात उतरले. किनाऱ्याला थेट लागणाऱ्या सपाट तळाच्या बोटींतून यंत्रे, सिमेंट आणि तंबू आले. छावणी उभी राहिली आणि उपसागरापासून मुल्लाख मोर या ३६१ मीटर उंच डोंगरापर्यंत रडारसाठी रस्ता काढण्यात आला. दगड बेटावरूनच काढला गेला. त्या खाणीची जखम आजही दिसते. त्या उन्हाळ्यात केनेथ विल्यमसन आणि जे. मॉर्टन बॉइड हे निसर्ग-अभ्यासक बेटावर होते, आणि जुन्या वस्तीला हात लागू नये हा आग्रह तेव्हापासूनच धरला गेला. त्या आग्रहाविना आज काय उरले असते याची कल्पना करवत नाही. दुसऱ्या वर्षी ठाणे हवाई दलाकडून भूदलाकडे गेले. १९५८ पासूनच ट्रस्टचे स्वयंसेवक उन्हाळ्यात येऊन भिंती आणि छपरे दुरुस्त करू लागले.

ब्रिटनमध्ये तेव्हा सक्तीची लष्करी सेवा चालू होती. १९४९ पासून लागू झालेल्या कायद्याने अठरा वर्षांवरील तरुणांना ती करावी लागे. भरती १९६० साली बंद झाली आणि शेवटचे तरुण १९६३ साली मोकळे झाले. म्हणून हिर्टाच्या पहिल्या तुकड्यांत कारखान्यातून, दुकानातून, शहरातल्या गल्लीतून उचलून आणलेली एकोणीस-वीस वर्षांची मुले होती. त्यांनी बेट मागितले नव्हते. हिवाळ्यात बोटीचा भरवसा नसे. टपाल विमानातून खाली टाकले जाई, आणि एखादी थैली वाऱ्याने समुद्रात गेली की गेलीच. रडारची पाळी संपल्यावर करण्यासारखे काम म्हणजे चालणे. मग ती चालत.

आणि चालायला लागली की ती नकळत जुन्या लोकांच्याच वाटांनी जात, कारण त्या बेटावर दुसरीकडून जाताच येत नाही. गावामागची भिंत ओलांडायची तर तिच्यातली जुनी जागाच शोधावी लागते. ग्लेन मोरमध्ये उतरायचे तर खिंड तीच. दरीत पोचले की तिथे उन्हाळी गुराख्यांची दगडी बांधणी, कोशासारख्या एकमेकांना जोडलेल्या खोल्यांची. बायका आणि मुली पूर्वी इथे दूध काढायला येत. १९६०च्या दशकात ग्रेट स्कुआ हा आडदांड पक्षी हिर्टावर वीण घालू लागला, आणि त्यानंतर आलेल्या तुकड्यांच्या आठवणींत माथ्यावर फिरताना डोक्याच्या दिशेने सुसाटत येणारा हा पक्षी असतोच. काठी डोक्यावर उंच धरून चालणे हा त्यावरचा उपाय. क्लेटच्या भिंतीत घरटे करणारा सेंट किल्डाचा रेन हा चिमुकला पक्षी, मुख्य भूमीवरच्या आपल्या भावंडांपेक्षा मोठा आणि खणखणीत आवाजाचा, छावणीच्या भिंतींतही येऊ लागला. घरातले उंदीर माणसे गेल्यावर काही वर्षांतच नामशेष झाले होते; शेतातले मोठे उंदीर मात्र टिकले.

१९९०च्या दशकाच्या अखेरीस गणवेशातील तुकडी परत गेली आणि ठाण्याचे काम नागरी कंत्राटी कर्मचाऱ्यांकडे आले. रडारचे काम आजही चालते. दरम्यान १९८६ साली बेटांना जागतिक वारसास्थळाचा दर्जा मिळाला, २००४ साली त्यात भोवतालचा समुद्र आणि २००५ साली मानवी वस्तीचा वारसा धरला गेला. निसर्ग आणि संस्कृती या दोन्ही कारणांनी हा दर्जा मिळालेले ते ब्रिटनमधील एकमेव ठिकाण आहे.

लष्कराने बेटाचे भले केले की बुरे, असा प्रश्न वारंवार विचारला जातो. रस्ता आणि छावणी विद्रूप आहेत, हे खरे. पण ठाण्यामुळे बेटावर वर्षभर वीज, संदेशवहन आणि आजारी माणसाला हलवण्याची सोय राहिली, आणि पुरातत्त्वाचे व मेंढ्यांचे सगळे संशोधन तिच्याच आधारावर झाले. याच सोयी १९३० साली छत्तीस माणसांना मिळाल्या असत्या, तर त्यांनी तो अर्ज केला असता का, हा प्रश्न मला अधिक महत्त्वाचा वाटतो. एका आजारी बाईला हलवायला वेळेवर बोट मिळाली नाही. सत्तावीस वर्षांनी क्षेपणास्त्राच्या मागावर राहायला मात्र जहाजे, विमाने, रस्ता आणि वीज या सर्वांची व्यवस्था झाली.

त्या दिवशी ‘हेअरबेल’मधून निघालेल्यांपैकी शेवटच्या, रेचल जॉन्सन, २०१६ साली ९३ व्या वर्षी वारल्या, बेट सोडले तेव्हा त्या आठ वर्षांच्या होत्या. सक्तीच्या सेवेतून हिर्टावर आलेली मुलेही आता पंच्याऐंशीच्या पुढे गेली आहेत. गावच्या रस्त्यावर काही घरे पुन्हा शाकारली आहेत, बाकीची उघडी आहेत आणि त्यांत मेंढ्या बसतात. उघड्या घरांत आत गेले की चुलीच्या जागी दगडी पाटी ठेवलेली दिसते. तिच्यावर त्या घराचा क्रमांक आणि तिथे शेवटी राहिलेल्या माणसाचे नाव लिहिलेले असते.